टायर पुन्हा चिकटले, रिम विरघळली: डाय-कास्ट शेती-ट्रक आणि ट्रेलरच्या जुनाट दुखण्यावर इलाज

कपाटात महिनोन्‌महिने शांत उभा असलेला डाय-कास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेला, १/६४ मापाचा (खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढा) ट्रक उचलायला जावं, तर तो फळी सोडतच नाही. जरा जोर लावला की ‘च्यक’ असा आवाज होतो आणि चाकांच्या जागी काळपट, तेलकट ठसे उरतात. टायरला बोट लावलं तर फणसाच्या चिकासारखं वाटतं. आपण पुसतो, मॉडेल लख्ख करतो, परत जागेवर ठेवतो. पुढच्या वर्षी परत तेच.

तुमच्याकडे हे दुसऱ्यांदा झालं असेल तर आधीच सांगतो, पुसण्यात तुमची काही चूक नाही. पुसून हे बरं होतच नाही. टायर कशाला टेकलाय, ते बदलावं लागतं.

माझा अनुभव कुठून आला ते थोडक्यात. इलिनॉयमधल्या मोलीनला मी तीन वर्षं नोकरीला होतो. तिथून दीड-दोन तासांवर आयोवातलं डायर्सव्हिल, म्हणजे शेतीच्या खेळण्यांची पंढरी. फ्रेड अर्टल यांनी १९४५ मध्ये डब्यूक गावी स्वतःच्या घराच्या तळघरात अ‍ॅल्युमिनियम वितळवून छोटे ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. १९५९ मध्ये तो धंदा डायर्सव्हिलला आला, आणि आज त्या गावात शेतीखेळण्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. दर नोव्हेंबरात तिथे मोठं प्रदर्शन भरतं, दूरदूरच्या राज्यांतून मंडळी येतात. मला मात्र ट्रॅक्टरपेक्षा ट्रकांचाच नाद लागला. मक्याच्या कापणीत तिथल्या रस्त्यांवर धावणारे धान्याचे हॉपर-ट्रेलर, ज्यांच्या पोटाखाली दोन नरसाळी असतात आणि झडप सरकवली की मका आपोआप खाली पडतो. आणि भोकाभोकांच्या अ‍ॅल्युमिनियम भिंतींचे गुरांचे ट्रेलर. (ठाण्यात घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या हॉपरला दुधाचा टँकर म्हणतो. आता मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.)

परत येताना सामान जहाजाने आलं. खोके उघडले तेव्हा हा आजार पहिल्यांदा नीट दिसला. थर्माकोलच्या साच्यात जिथे जिथे टायर टेकले होते, तिथला थर्माकोल आकसून पिवळट, कडक झाला होता, जणू कुणी तापलेली सळई टेकवली होती. टायर त्यात रुतून बसलेले. एका ट्रक-ट्रेलरला १८ चाकं, माझ्याकडे अशा वीस जोड्या. म्हणजे ३६० ठिकाणी दुखणं.

आधी निदान

कारण चिकटपणाच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, आणि एकीचं औषध दुसरीला लावलं की मॉडेलचं वाटोळं होतं.

टिश्यू पेपरचा तुकडा टायरवर दाबून पाच मिनिटं ठेवा. कागदावर भजीच्या कागदासारखा पारदर्शक डाग उमटला तर ते तेल आहे, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याविषयी आहे. डाग नाही, पण टायरवर पांढरट थर दिसतोय, तर भिंग घ्या. तंतू दिसले आणि कुबट वास आला तर बुरशी. ती साबणाच्या पाण्याने जाते, कपाट मात्र कोरडं करावं लागतं. त्यात फार काही गहन नाही.

तिसरी गोष्ट धातूवरची. चॅसीच्या (ट्रकच्या खालच्या सांगाड्याच्या) खालच्या, रंग न दिलेल्या भागावर पांढरी पूड आली असेल तर तो जस्ताचा गंज. कापूस लावलेल्या काडीने ती पुसली जाते आणि खालचा धातू सपाट, अखंड दिसतो. पूड पुसल्यावर खाली भेगा दिसल्या, रंग फुगलेला दिसला, दार चौकटीत अडकायला लागलं, तर गोष्ट गंभीर आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

टायरमधून तेल येतं कुठून

लहान मापाच्या मॉडेलांचे मऊ टायर पुष्कळदा खऱ्या रबराचे नसतात, ते पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. नळाचा पांढरा पाइप आणि पावसाळी रेनकोट दोन्ही पीव्हीसीच. फरक पडतो तो आत मिसळलेल्या तेलासारख्या द्रवामुळे, त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. हा द्रव प्लॅस्टिकच्या रेणूंना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मधे जाऊन बसलेला असतो. दाब आला, उष्णता आली, शेजारी शोषून घेणारं काही मिळालं की तो हळूहळू तिकडे सरकतो.

शेजारी पॉलिस्टायरीन असेल तर तो द्रव त्याला चक्क मऊ करतो. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच, म्हणून त्याची ती गत. बऱ्याच मॉडेलांच्या चकचकीत रिम पॉलिस्टायरीनच्या किंवा एबीएस नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या असतात, वर क्रोमचा मुलामा. तिथेही तेच होतं, फक्त आत, टायरच्या कुशीत, आपल्याला दिसणार नाही असं. फळीवरचा ऑइलपेंट, लाकडाचं पॉलिश, अ‍ॅक्रिलिकचा तळ यांनाही झळ पोचते. काच आणि धातू यांना काही होत नाही. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टर बऱ्यापैकी तग धरतात.

आता पावसाळ्याबद्दल. सगळे म्हणतात दमटपणामुळे टायर चिकटतात. मीही म्हणायचो आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या कोंबायचो. टायरला काडीचा फरक पडला नाही. माझ्या मते पावसाळ्यावर उगाच आळ येतो. तेल सरकवते ती एप्रिल-मेची उष्णता. जून-जुलैत आपण बुरशी लागली का म्हणून कपाट उघडतो आणि तेव्हा ते नजरेला पडतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. तिथे उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेले खोके आणि गॅरेजमधले खोके सगळ्यात आधी बिघडतात, तळघरातले टायरच्या बाबतीत बरे राहतात. सिलिका जेल टाकून देऊ नका, धातूसाठी ते उपयोगी आहे. टायरसाठी नाही, इतकंच.

आणखी एक घरगुती चूक. कपाटातला वास जावा म्हणून लोक कोळशाच्या पिशव्या ठेवतात. मॉडेलांजवळ त्या नकोत. संग्रहालयांमध्ये पीव्हीसीच्या वस्तू सांभाळणारे जतनतज्ज्ञ बंद काचेचं भांडं पसंत करतात ते याच कारणाने. आसपास काही शोषणारं असलं की द्रव जास्त वेगाने बाहेर ओढला जातो आणि टायर आकसून, कडक होऊन शेवटी तडकतो. म्हणजे बंद काचेची पेटी वाईट नाही. टायर ज्याला चिकटून असतो तो शेजारी वाईट असतो.

चिकटलेला ट्रक सोडवायचा कसा

ओढू नका. ओढलं की टायर जागेवर राहतो आणि रिम हातात येते, किंवा दोन्ही राहतात आणि अ‍ॅक्सल वाकतो. ट्रेलरच्या मागच्या जोडचाकांचं हे हमखास होतं.

ट्रक सुट्या तळावर किंवा खोक्याच्या साच्यात चिकटला असेल तर तळासकट झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा आणि फ्रिजमध्ये तासभर ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, तिथे टायर ठिसूळ होतो. गार झाल्यावर मऊ पीव्हीसी थोडं ताठरतं आणि पकड ढिली होते. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. घाई केली तर वाफेचं पाणी थेट ट्रकवर जमतं. मग दात साफ करायचा धागा टायरखालून करवतीसारखा पुढेमागे न्यायचा. कपाटाच्या फळीलाच चिकटला असेल तर नुसत्या धाग्यावर भागवावं लागतं, सकाळी लवकर, खोली गार असताना. थर्माकोलमध्ये रुतला असेल तर थर्माकोलचा बळी द्या. साचा कापून काढा, उरलेले कण नखाने किंवा बांबूच्या टूथपिकने.

सुटल्यावर टायर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ ब्रश, बस. कागदी लेबलं आणि स्टिकर भिजू देऊ नका. साबणाने न निघणारा चीक असेल तर औषधाच्या दुकानातलं साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन एकदाच, चटकन फिरवा. भिजवत ठेवलं तर ते टायरमधलं उरलंसुरलं तेलही काढून घेतं. कोरोनाच्या काळातला सॅनिटायझर घरात पडून असेल तरी तो वापरू नका. हातांसाठीच्या अशा सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं, म्हणजे चिकटपणावर चिकटपणा. गाड्यांच्या टायरना चमक आणणारे फवारे तर लांबच ठेवा.

नेलपॉलिश रिमूव्हरबद्दल मी बोलायला पात्र आहे. गुरांच्या ट्रेलरच्या दारावर नेब्रास्कातल्या एका वाहतूकदाराचं नाव बारीक छापलेलं होतं, दोन मिलिमीटर उंचीची अक्षरं, भिंगाखाली वाचता येतील अशी. त्याच्याखालचा तेलाचा ओघळ काढायला मी रिमूव्हर लावला. ओघळ गेला, नाव गेलं, नावाखालचा रंगही गेला. बायकोने नंतर बाटली हातात घेऊन शांतपणे विचारलं, ‘ह्याचं काम काय असतं रे?’ रंग काढणं, हे उत्तर मलाही माहीत होतं.

धुतलेले टायर पूर्ण वाळले की त्यांना शंखजिऱ्याची पूड चोळा. सायकलच्या दुकानात ट्यूबवर भुरभुरतात ती पांढरी पूड चालते. अंगाला लावायची सुवासिक पावडर नको. पूड जादा झाली तर टायर भुरकट दिसतात, पण शेतातून आलेल्या ट्रकला ते शोभतं असं माझं मत आहे.

परत होऊ नये म्हणून

इथेच बहुतेक जण थांबतात आणि म्हणूनच वर्षाने परत येतात. टायरचे स्पर्श तीन ठिकाणी असतात: खाली फळीशी, आत रिमशी, आणि खोक्यात वेष्टनाशी. तिन्ही वेगवेगळे तोडावे लागतात.

फळी सगळ्यात सोपी. काचेची असेल तर प्रश्न मिटला. लाकडी किंवा रंगवलेली असेल तर वर पॉलिएस्टरची पारदर्शक शीट घाला, पूर्वी शाळा-कॉलेजात प्रोजेक्टरवर ठेवायचे ती. आपल्या घरात टेबलावर घालतात ते जाड, मऊ, पारदर्शक कव्हर मात्र चुकूनही नको. ते स्वतःच मऊ पीव्हीसी असतं. मी दोन वर्षं ट्रक त्याच्यावर उभे करून वर सिलिका जेल ठेवत होतो, म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या आणि दाराला कुलूप.

त्याहून परिणामकारक म्हणजे टायरवरचं वजनच काढून घेणं. धातूचा ट्रक लहान असला तरी त्याच्या वजनाचा दाब टायरच्या एकाच जागेवर महिनोन्‌महिने पडतो, त्यामुळे तेलही तिथूनच झिरपतं आणि टायरही तिथेच चपटा होतो. चॅसीखाली एक-एक रुपयाच्या नाण्यांच्या चळती लावा, मधे पॉलिप्रॉपिलीनच्या फाइलचा कापलेला तुकडा, म्हणजे रंगाला ओरखडा नाही. आत्ताची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, त्यांच्यापासून काही भय नाही. चाकं फळीपासून केसभर उचलली गेली की पुरे, समोरून पाहणाऱ्याला कळतही नाही. ट्रेलर सुटा ठेवत असाल तर त्याला पुढच्या बारीक पायांवर तोलू नका, ते पाय बहुतेक प्लॅस्टिकचे असतात आणि वाकतात. नाण्यांची एक चळत किंगपिनच्या (ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या पुढच्या खुंटीच्या) मागे, दुसरी मागच्या अ‍ॅक्सलांच्या पुढे. ज्यांना नाणी लावायचा कंटाळा आहे त्यांनी निदान चाकं अधूनमधून पाव फेरा फिरवावीत. मी दर संकष्टीला फिरवतो. मोदक व्हायला वेळ असतो, तेवढ्यात होतं.

रिमचं काम किचकट आहे. १८ चाकांचं एका बैठकीत करू नका, चिडचिड होते. बोथट बांबूची काडी रिम आणि टायरच्या मधे घालून गोल फिरवा, टायर कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवला असेल तर सहज निघतो. रिम धातूची निघाली तर पुसा आणि परत चढवा, तिला काही होत नाही. प्लॅस्टिकची असेल आणि अजून शाबूत असेल तर तिच्या कडेभोवती अडसर हवा. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्टी हा खरा पक्का अडसर, पण ती बसवताना फाटते आणि तोंडात शब्द येतात. नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतो ती पांढरी टेफ्लॉन टेप ताणून एक वेढा दिला तर ती छान बसते. दोन वेढे दिले की टायर फुगीर दिसतो. मी मोलाच्या मॉडेलांना फॉइल लावतो, बाकीच्यांना टेफ्लॉन, आणि टेफ्लॉनवाली वर्षातून एकदा उघडून बघतो. रिम आधीच विरघळून तिच्यात टायरची नक्षी उमटली असेल तर ती सरळ होणार नाही. घासू नका, क्रोम जाईल.

खोका तिसरा. मूळ खोका जपलाच पाहिजे, अमेरिकेत मॉडेलच्या किमतीत त्याचा मोठा वाटा असतो. थर्माकोलच्या किंवा पारदर्शक साच्यात ठेवण्याआधी प्रत्येक चाकाभोवती फॉइल गुंडाळा. दिसायला शाळेच्या डब्यातल्या पोळीसारखं दिसतं, पण काम होतं. बबलरॅप थेट रंगाला लावू नका, वर्षभराने रंगावर गोल गोल ठसे उमटतात. स्पंज तर अजिबात नको, तो जुना झाला की चुरा होऊन रंगाला चिकटतो. आधी मऊ, शाईविरहित कागद, मग बाकी सगळं. वर्तमानपत्र हा शाईविरहित कागद नव्हे, पांढऱ्या हॉपरवर मी मथळ्याची उलटी अक्षरं बघितली आहेत.

आता ती गंभीर गोष्ट

डाय-कास्ट मॉडेलांचा धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. त्याचं नाव झमॅक. न्यू जर्सी झिंक कंपनीने तो १९२९ मध्ये आणला, आणि नाव जर्मन आद्याक्षरांचं आहे: जस्त, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं. नेहमीच्या झमॅकमध्ये सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. त्याआधीच्या जस्ताच्या ओतकामात शिसं, कथील, कॅडमियम अशी भेसळ राहायची. शेकड्याच्या हजाराव्या भागांत मोजावी एवढी भेसळही धातूच्या कणांच्या सीमांवरून आतून गंज पसरवायला पुरते. धातू फुगतो, वाकतो, तडकतो आणि शेवटी वाळलेल्या भाकरीसारखा तुकडे होऊन पडतो. याला झिंक पेस्ट (pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खेळण्यांमध्ये हा रोग भरपूर, आणि कारखान्याने जस्ताच्या शुद्धतेची काळजी घेतली नाही तर नव्या मॉडेलांतही तो निघतो. उष्णता आणि दमटपणा त्याला खतपाणी घालतात. इथे मात्र सिलिका जेल कामाचं.

तपासायला ट्रक काचेच्या सपाट तुकड्यावर उभा करा. सगळी चाकं टेकतात का? चॅसी केळ्यासारखी वाकली आहे का? जोडलेला ट्रेलर पूर्वी समतल उभा राहायचा आणि आता नाक वर करून उभा आहे का? असेल तर मधल्या भागावर, ‘पाचवं चाक’ म्हणतात त्या, ट्रेलर टेकतो त्या प्लेटजवळ बारीक भेगा शोधा. सापडल्या तर उपाय नाही. हा रोग एका मॉडेलमधून दुसऱ्यात पसरत नाही, त्यामुळे शेजारच्या ट्रकांची धावपळ करू नका. त्याला हलवणं कमी करा, फोटो काढून ठेवा, आणि विकायचाच झाला तर घेणाऱ्याला भेग दाखवून विका.

पांढऱ्या पुडीच्या साध्या गंजाचं एक कारण आपल्या कपाटातच असतं. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले बोर्ड) आणि काही लाकडं बंद जागेत आम्लाच्या वाफा सोडतात, त्या जस्ताला खातात. नवीन फर्निचर केलं असेल तर मॉडेलं आत मांडण्याआधी दारं उघडी ठेवून काही महिने जाऊ द्या. सुतार म्हणेल वास गेला म्हणजे झालं. त्याला मान डोलवा आणि दारं उघडीच ठेवा.

टायर पार गेले असतील तर

बदलायचे. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकांचा नेहमीचा ११आर२२.५ टायर साधारण १०५ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे १/६४ मध्ये साडेसोळा मिलिमीटर. मागवताना ‘ट्रकचे टायर’ एवढं न सांगता हे माप आणि रिमचा आतला व्यास द्या, कॅलिपरने मोजून. खऱ्या रबराचे मिळाले तर ते घ्या. ट्रेलरच्या आतल्या बाजूच्या, दिसत नसलेल्या चाकांना मी हार्डवेअरच्या दुकानातले काळे नायट्राइल ओ-रिंग (रबरी कडी) बसवले आहेत, दोन-दोन शेजारी. पाच फुटांवरून कुणाला ओळखू येत नाहीत.

काढलेले मूळ टायर फेकू नका, पुढेमागे कुणी मूळ सुट्या भागांसह मॉडेल मागतं. लोणच्याची रिकामी काचेची बरणी स्वच्छ धुऊन, वाळवून घ्या, टायरांच्या मधे फॉइलचे तुकडे घालून आत भरा, झाकणावर कोणत्या ट्रकचे ते लिहा. माझ्याकडे अशा चार बरण्या आहेत. त्यांपैकी एक मागच्या मे महिन्यात आईने खारातल्या मिरच्यांची समजून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली होती, तेव्हापासून चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहितो.